मागच्या रांगेतला रुबाबदार माणूस

३ नोव्हेंबर
ठरलं. फेब्रुवारीत अण्णा आणि मायच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. धाकटा भाऊ उमाकांत सुरतेहून टीव्ही आणणार आहे म्हणे, भिंतीएवढा. आणू दे. टीव्ही कुणीही आणतो. मी अख्ख्या कुटुंबाचं पेन्सिल ड्रॉइंग काढणार. एकेक केस, एकेक सुरकुती. यूट्यूबवर एक जण म्हातारीचा चेहरा असा काढतो की आता ती खोकेल असं वाटतं. त्याला जमतं तर मला का नाही? इतकी वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसतोय. माझी नजर म्हणजेच काटा.
चौथीत मी गणपती काढला होता. बाईंनी ‘छान मोर’ असा शेरा दिला. बाईंना चष्म्याची गरज होती.

४ नोव्हेंबर
शहाद्याहून पेन्सिलींचा सेट, जाड कागद आणि मळायचा रबर आणला. सागवानी फ्रेमही करून घेतली. फ्रेम आधी असली की मनावर दडपण राहतं. हॉलमध्ये टांगली. आत सध्या भिंत दिसते. सीमाने विचारलं, हाई कसानं चित्र शे? म्हटलं, कळेल. बायकोला सगळंच आधी सांगायचं नसतं.
उद्यापासून रोज पहाटे बसणार.

५ नोव्हेंबर
पहाटेचा उजेड ग्रॅफाइटला मानवत नाही. संध्याकाळी बसावं.

६ नोव्हेंबर
कापसाच्या गाड्यांची रांग थेट रस्त्यापर्यंत. संध्याकाळी बोटं आखडली. कलावंताने बोटं जपायला हवीत.

११ नोव्हेंबर
मळायचा रबर सापडत नाही. मायला तो कणकेचा उरलेला गोळा वाटला. तिने शेळीला टाकला. शेळी मजेत आहे.

१७ नोव्हेंबर
मोठी प्रगती. चौकटींची पद्धत सापडली. फोटोवर उभ्याआडव्या रेघा मारायच्या, तशाच कागदावर मारायच्या, मग एकेक चौकट उतरवायची. लेकीच्या, गायत्रीच्या बारशाला काढलेला घरातला एकमेव फॅमिली फोटो घेतला आणि रेघा मारल्या.
बॉलपेनने मारल्या.
रेघा जात नाहीत. मायने फोटो पाहिला आणि विचारलं, आपले कधी जेलमा टाकं व्हतं? तिला प्रोसेस समजावून सांगितली. ती उठून गेली.

२३ नोव्हेंबर
फोटो बाद. आता समोर बसवूनच काढणार. खरे चित्रकार असंच करतात. आज अण्णा. खुर्चीवर बसवलं, हलू नका म्हटलं. मन्हं तोंड काय पहिल्यांदा देखी ऱ्हायना का, असं म्हणाले आणि झोपले. झोपलेलेच काढले. डोळे नंतर उघडता येतील.
अण्णा उमाकांतचं कौतुक फोनवर करतात. माझं चारचौघांत करत नाहीत. घरातही करत नाहीत. आतल्या आत करत असावेत. चित्र पाहिल्यावर त्यांना ते बाहेर काढावंच लागेल.

८ डिसेंबर
गावात यात्रा सुरू. सारंगखेड्यात राहून घोडे न काढणं हा कलेचा अपमान. शरीररचनेचा अभ्यास म्हणून आठवडाभर रोज घोडेबाजारात जातोय. एका पांढऱ्या घोडीचा पाय पूर्ण केला. घोडीच्या मालकाने विचारलं, हाई कणीस शे का? अडाणी माणूस. जिलेबी खाल्ली.

२७ डिसेंबर
कौटुंबिक चित्राकडे परत. आज सीमा. नाक तीनदा पुसलं. कागद तिथे पापडासारखा पातळ झाला. तिने मागून येऊन पाहिलं आणि म्हणाली, हाऊ ते पोलीस पाटील शे. खरं तर मिशी नव्हती ती, सावली होती.

२८ डिसेंबर
भाजीत मीठ नाही.

२९ डिसेंबर
आजही नाही. सीमाच्या पुढे जास्वंदाची कुंडी काढली. फुलं भरपूर, पानं भरपूर. आता तिची फक्त वेणी आणि एक कान दिसतो. कान उत्तम आहे.

१० जानेवारी
हात काढणं अशास्त्रीय आहे. पाच बोटं काढायला घेतली की सहा होतात. सगळ्यांचे हात पाठीमागे घेतले. शिस्तबद्ध दिसतं.
गायत्रीने यंदा चित्रकलेची एलिमेंटरी दिली आहे. म्हणाली, पप्पा, डोळे चेहऱ्याच्या मध्यावर येतात, तुम्ही केसांत काढलेत. तिला सांगितलं की ते परीक्षेपुरतं असतं. ती झोपल्यावर सगळ्यांचे डोळे खाली घेतले. त्यामुळे कपाळं मोठी झाली. घर विद्वान वाटतं.

२५ जानेवारी
आज स्वतःला घेतलं. मागच्या रांगेत, मधोमध. आणि काय सांगू, हात सुटला! आरसा दोनदाच पाहिला, मग गरज पडेना. केस जरा दाट आले, कारण चित्रकार तात्पुरत्या गोष्टी धरत नाही. पोट उजेडामुळे गेलं. मिशीला पीळ आपोआप आला. नजर करारी. आतापर्यंत मी चुकीची माणसं काढत होतो.
उमाकांतला जागा उरली नाही. नाइलाज आहे.

४ फेब्रुवारी
पूर्ण. फ्रेममध्ये बसवलं, वर मायचं लुगडं टाकलं. उद्या अण्णांनीच पडदा ओढायचा. आभाराचं छोटं भाषण तयार केलं आहे. ‘मी निमित्तमात्र’ असं दोनदा येतं, एक काढावं लागेल.

५ फेब्रुवारी
लिहायला बसलोय, पण नीट सुचत नाही.
टीव्ही सकाळीच आला. अख्खी गल्ली त्याच्यासमोर बसली. जेवणं झाल्यावर मी घसा साफ केला, अण्णांनी लुगडं ओढलं.
मायने चित्रातल्या स्वतःकडे बोट दाखवून विचारलं, हाई कोन्ही बाई शे? मावशीला अण्णा म्हणजे मारवाड्याच्या दुकानातले शेठ वाटले. कुंडीचं सगळ्यांनी कौतुक केलं. उमाकांत पुढे झाला, मागच्या रांगेतल्या रुबाबदार माणसाकडे पाहून लाजला आणि म्हणाला, भाऊ, माले भारी काढं तू. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अण्णा खुर्चीतून उठले.
चित्राच्या अगदी जवळ गेले. काचेवर हात ठेवला. म्हणाले, हाऊ मन्हा भाईदास शे.
भाईदासकाका म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ. माझ्या जन्माआधीच ऊस तोडताना साप चावून गेले. तरणेबांड होते. त्यांचा एकच फोटो होता, तो वाळवीने खाल्ला. अण्णा त्यांचं नावही घेत नाहीत.
अण्णा रडले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, हेमराज, तू ते त्याले देखं बी नही. कसा काढा तू?
सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हटलं, अण्णा, हात आपोआप चालला.
हे खोटं नाही.
उमाकांतने विचारलं, मग तू कुठे आहेस? म्हटलं, चित्रकार स्वतःला काढत नसतो.
अण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. भाषण राहिलं.

६ फेब्रुवारी
मायने सकाळीच झेंडूचा हार आणला आणि चित्रातल्या त्या एकाच डोक्यावरून सोडला. सीमाने मला स्वयंपाकघरात ओढलं. हळूच विचारलं, हाऊ ते तुम्ही शेतस ना? मी मान हलवली. ती पदर तोंडात धरून इतकी हसली की ठसका लागला. मग डोळे पुसले. म्हणाली, जिता माणूसले हार नको, मी आत्ते काढी टाकस.
मी तिला अडवलं. अण्णा तेव्हा फ्रेमसमोर उभे होते. काकांना घरातल्या बातम्या सांगत होते. कापसाचा भाव, गायत्रीची परीक्षा. असू दे म्हटलं. सीमाने माझी दृष्ट काढली, मिठाने. आज भाजीतही मीठ होतं.

१२ फेब्रुवारी
अण्णा चित्र घेऊन शहाद्याला गेले. परत आले तेव्हा फ्रेम लहान झाली होती. त्यात फक्त काका. बाकी सगळे कापून काढले. अण्णा म्हणाले, बाकीना नुसती गर्दी करी ऱ्हायंतात.
एका अर्थी हे क्लोज-अप झालं. चित्रातला सर्वोत्तम भाग त्यांनी अचूक ओळखला. नजर शेवटी माझ्याकडे त्यांच्याकडूनच आली.

२ मार्च
खापरहून अण्णांचे जुने दोस्त शांतीलालबाबा आले. अण्णांनी त्यांना सरळ फ्रेमसमोर नेलं. मी मागे उभा राहिलो, चित्रकाराची ओळख करून देतील म्हणून. शर्ट खोचला होता.
शांतीलालबाबा बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, बराबर भाईदासच. काय तेज व्हतं त्याना तोंडवर!
अण्णांनी मान हलवली आणि म्हणाले, आन् हुशार कितला! जे हातमा ले ते पुरं करे. आमना हेमराजसारखा नव्हता.
मी चहा आणायला आत गेलो.