फाटका स्पीकर

मुकुंदवाडी, ३ मार्च २०२५

ती. आजोबांना सविनय जयभीम.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून गावाकडं येणाऱ्या काळीपिवळी जीपवाल्याच्या हाती पत्र देतेय. शेंद्र्याच्या कंपनीत मी पर्मनंट झाले.

आमचा बँड एक जुनं इंग्रजी गाणं बसवतोय. त्यातली गिटार खरखरत, चिरकत अंगावर येते. माझी मात्र गुळगुळीत वाजते. मोबाईलवर ॲप लावलं, स्पीकर बादलीत ठेवला, काही उपयोग नाही. बँडचा म्होरक्या सोमनाथ म्हणतो, रविवारपर्यंत तो आवाज काढ, नाहीतर गिटार मी घेतो, तू कोरसला उभी राहा. मी राहणार नाही.

तुमच्या गायन पार्टीचं बेंजोचं ॲम्प्लिफायर मशीन द्या. त्याच्या फाटक्या स्पीकरचा आवाज थेट तसाच आहे.

माया असू द्या.
तुमची प्रेरणा

५ मार्च

चि. प्रेरणाला जयभीम आन् आशीर्वाद.

नोकरीचं वाचून लई बरं वाटलं. त्या मशीनवर तीस वर्षं बाबासाहेबांची गाणी वाजली. इंग्रजी धिंगाण्याला द्यायचा जीव होत नव्हता. पण माझी नात कोरसला उभी राहनार नाय, म्हणून धाडतोय.

स्पीकर कसा फाटला, ठाव हाय ना? जयंतीच्या मिरवणुकीवर दगड आला, तो थेट त्यात शिरला. म्या बेंजो थांबवला नाय, वेशीपर्यंत तसाच वाजवत गेलो.

तुला शहरात कुणी हसू नये म्हणून कापड लावून, चिकटवून दिलाय. आता आवाज एकदम साफ येतो बघ.

जिवाला जप.
तुझा आजा, सांडू

७ मार्च

ती. आजोबांना जयभीम.

हे काय करून बसलात? मला फाटकाच हवा होता. आता कसा साहेबासारखा बोलतो, सगळं नीट आणि ऐकावंसं काहीच नाही. लई राग आला तुमचा.

ब्लेड घेतलं, तर कापड आजीच्या निळ्या लुगड्याचं निघालं. हात पुढं जाईना. परवा रविवार आहे, लगेच कळवा.

रागावले तरी तुमचीच,
प्रेरणा

८ मार्च

चि. प्रेरणा,

चुकलंच माझं. म्हाताऱ्याला वाटलं, नातीला नवं करून द्यावं.

फाड. दगड मारनाऱ्यानं आपल्याला इचारलं नव्हतं, तू तरी इचारलंस. तुझी आजी असती तर तिनंच दातानं टराटरा फाडलं असतं. तुकडा मातुर टाकू नको.

सांडू

मुकुंदवाडी, १० मार्च

ती. आजोबांना सविनय जयभीम.

फाडलं. पहिला सूर छेडला आन् मांडणीवरची भांडी थरथरली. गाण्यातला आवाज, अगदी तोच. मी एकटीच रडले, मग हसले.

रविवारी मी वाजवलं, तर सोमनाथनं मशीनला चार चकरा मारल्या. मान डोलावून म्हणाला, मस्त; आता हे बँडकडंच राहू दे, यावर गिटार मी वाजवतो, तुझा हात अजून कच्चा आहे. बाकीचे खाली बघत बसले. मी वायर काढली, मशीन रिक्षात घातलं आणि घरी आले.

तुकडा गिटारच्या पट्ट्याला शिवलाय.

काल संध्याकाळीच इथल्या आमच्या गल्लीच्या जयंती कमिटीकडं गेले. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत गिटार कशाला, असं कमिटीचे आप्पासाहेब म्हणाले. मी तिथंच मशीन लावून वाजवून दाखवलं. मग त्यांनीच वाजवणाऱ्यांच्या नावांची वही पुढं सरकवली. मी दोन नावं लिहिली: गिटार, प्रेरणा. बेंजो, सांडूबाबा.

तुम्हाला विचारलेलं नाही. बोटांना तेल लावायला लागा.

वाट बघणारी,
प्रेरणा