टोकाला गुंडाळलेलं गवत

६ सप्टेंबर, हार्लेम
लिहायचं टाळत होतो. वही जूनपासून टेबलावर पडून – आधी तिच्यावर कॉफीचा मग, मग सायकलचा पंप, मग बायकोचे – चैत्रालीचे – हेडफोन्स. शेवटी तीच म्हणाली, “विराज, निदान वही तरी पुरी कर. डिप्लोमा नाही, बेकरी नाही, त्या पतंगवाल्याकडेही टिकला नाहीस.” पतंग काय! काइटसर्फिंग होतं ते, पतंगाच्या जोरावर लाटांवरून धावायचं. पण असो. टिकलो नाही हे खरं. ती इथे परदेशात वर्क परमिटवर नोकरी करते, मी तिच्या परमिटवर फिरतो.

मत्स्यालयाच्या दुकानात मात्र टिकलोय. माशांमुळे नाही. गवतामुळे! टाकीच्या तळाशी हिरवळ करायला जी बुटकी रोपं लावतात ती. लोकांना सगळी सारखीच दिसतात. मला नाही. पान दोन बोटांत फिरवायचं. सुईसारखं गोल फिरलं तर हेअरग्रास. चपटं, मुळाशी रुंद – सॅजिटेरिया. गडद, ताठ, अगदी शोभेचं – ते जमिनीवरचं. पाण्यात महिनोन् महिने मरत राहतं आणि गिऱ्हाइकाला वाटतं, छान चाललंय.

हे कुणी शिकवलं नाही. गिऱ्हाईक नसताना बोटांना चाळा हवा म्हणून.

७ सप्टेंबर
झांडव्होर्टला गेलो. समुद्र. वारा. दुसरं काही नाही.

१३ सप्टेंबर
ट्रेनने, मग मेट्रोने झुइडओस्टला, शिरीषकाकांकडे. माझं पहिलं मराठी गिऱ्हाईक. हॉलमध्ये सोफ्यापेक्षा मोठी टाकी. मार्चमध्ये मी छातीठोकपणे सांगितलं होतं, “काका, सॅजिटेरिया लावा. बोटभर राहील.” आज बघतो तर वीतभर! पुढच्या माशांचं दर्शनच नाही.

जयंतीकाकू म्हणाल्या, “विराजराव, तुमच्या हिरवळीला एकदा न्हाव्याकडे न्या.”

चूक माझीच. ओळखलं बरोबर होतं, पण वाढीचं बोलायला नको होतं. दिवा मंद असला की ते उजेडाकडे धावतं.

काका हसले नाहीत. इथल्या मत्स्यालयवाल्यांच्या क्लबात स्पर्धेसाठी घरोघरी टाक्या तपासायची पद्धत आहे. परीक्षक येतो, तुमच्याच खुर्चीत टाकीसमोर बसतो, रोपं मोजतो. प्रत्येक रोपाचं नाव आपण कार्डावर लिहून द्यायचं. नाव चुकलं की त्या रोपाचे गुण गेले. काकांचं बक्षीस दरवर्षी थोडक्यात हुकतं. आणि हे शेवटचं वर्ष. हिवाळ्यात ते मास्ट्रिख्टला चाललेत, लेकीजवळ. तिथल्या छोट्या फ्लॅटमध्ये ही टाकी मावणार नाही.

“तेवढा पुढचा कोपरा नीट करून दे,” म्हणाले. आवाज असा काढला की मी जागेवरच हो म्हटलं.

१९ सप्टेंबर
सापडलं!! हेअरग्रास म्हणून आलेल्या कुंड्या सोडवत होतो. पान फिरवलं – गोल. ठीक. पण कोवळ्या पानाचं टोक गुंडाळलेलं. जिलबीचा शेवटचा वेढा कसा आत वळतो, तसं. हेअरग्रासचं पातं सरळ वर येतं, गुंडाळी सोडत येत नाही. गुंडाळी नेच्याची, फर्नची. म्हणजे हे गवतच नाही, गवताचं सोंग घेतलेला नेचा!

फोनवर शोधलं. पिल्युलारिया. या देशातल्या तळ्याकाठीसुद्धा उगवतो म्हणे. मग तळी बघत बसलो, मग तळ्यांजवळच्या कॅम्पिंगच्या जागा. जेवायची सुट्टी संपली.

२० सप्टेंबर
कोर आला होता. क्लबातला सगळ्यात जुना माणूस, त्याच्या शब्दाला मान आहे. त्याला कुंडी दाखवली. हातभर लांब धरून म्हणाला, “पोरा, हेअरग्रास. चाळीस वर्षं बघतोय.”

“टोक बघ ना, कोर.”

“कुंडीत दाटी झाली की वळतं.” आणि माशांचं खाणं घेऊन गेला.

दाटीने वाकडं होईल. वेढा कसा पडेल? प्रत्येक कोवळ्या पानाला, एकाच दिशेने? छे!

२८ सप्टेंबर
काकांचा कोपरा लावला. चिमट्याने एकेक रोप, दुपारभर. सॅजिटेरिया उपटताना पाणी असं गढूळ झालं की काकूंनी देवघराचं दार लोटून घेतलं. पण संध्याकाळी गाळ बसला आणि – बुटकं, दाट, कोवळं. काका खुर्ची ओढून समोर बसले ते उठेनातच. मी गुंडाळी दाखवली. “अरे, खरंच की!” लहान मुलासारखे काचेला नाक लावून.

दुपारभर एका जागी बसलो. मी!

४ ऑक्टोबर
पंचाईत. या वर्षीचा परीक्षक कोर.

काकांनी तातडीने बोलावलं. कार्ड समोर, पेन हातात. “काय लिहू?”

“पिल्युलारिया. डोळ्यांनी बघितलंत ना?”

“मी बघून काय उपयोग? गुण देणार कोर. परीक्षकाच्या मनातलं उत्तर लिहायचं असतं, विराज. मी सगळ्या परीक्षा अशाच पास झालोय.”

“म्हणूनच मेरिटमध्ये आला नाहीत,” काकू आतून.

“तू गप्प बस गं! आणि याने सॅजिटेरिया बोटभर राहील सांगितलं होतं, विसरलीस?”

हे खरंच. तरी बोललो. “काका, वाढीत चुकलो. नावात नाही चुकलेलो. कोर आला की त्याला टोक दाखवा, काचेतून स्वच्छ दिसतंय. नाही पटलं तर माझं नाव सांगा.”

काका पेनच्या टोपणाची उघडझाप करत राहिले.

परत आल्यावर चैत्रालीला सांगितलं. तिने लॅपटॉप मिटला – हे क्वचित! म्हणाली, “तुला एखाद्या गोष्टीवर एवढं अडून बसलेलं मी पहिल्यांदा बघतेय.” टोमणा नव्हता. मी दोनदा तपासलं.

१० ऑक्टोबर
काकांचा मेसेज. ‘रागावू नकोस. हेअरग्रास लिहिलं. शाईने. कोर चांगला माणूस आहे, पण त्याला त्याच्याच क्षेत्रात कशाला खोटं पाडायचं? शेवटचं वर्ष आहे रे.’

रागावलो. मग नाही रागावलो. टाकी त्यांची आहे. पण नेचा नेचाच आहे, शाईने लिहा नाहीतर कोरून ठेवा.

काकू कोथिंबीर वडी करतायत. कोरने ‘फक्त कॉफी’ म्हणून बजावलंय. बघू कोण जिंकतं.

११ ऑक्टोबर
आत्ताच काकूंचा फोन, स्वयंपाकघरातून, कुजबुजत: “अरे, कोरची पाठ धरलीय, तो आलाच नाही! कुणी वेगळीच बाई आलीय. आपण हिला कधी पाहिलेलंही नाही. वडीकडे ढुंकून बघितलं नाही. आल्या आल्या गुडघ्यांवर बसून खिशातलं भिंग काढलंय. तुझ्याच कोपऱ्यापाशी आहे. आणि हे मला खुणेने विचारतायत – कार्डावर खोडलं तर चालतं का रे?”