ताईची फारकत

४ फेब्रुवारी, जळगाव
लॉ कॉलेजात चर्चा: घटस्फोटाचे कायदे कडक करावेत का. मी ठाम 'हो'. पंचांनी स्टँपपेपरवर केलेल्या फारकती बंद व्हाव्यात, घटस्फोट फक्त कोर्टात. चार पुरुष बसतात, बाईचा संसार संपतो. पोटगी नाही, दाद नाही. बोलताना डोळ्यांपुढे ताई, तिचीही अशीच झाली. टाळ्या पडल्या.

९ फेब्रु., घरी
ताईचं जमलं. नशिराबादचा बिजवर, लहान मुलगी आहे त्याला. ताई भाकरी थापताना गुणगुणत होती. आणि मीच म्हटलं, फारकत कोर्टात टिकली नाही तर हे लग्नही टिकणार नाही, आधी रीतसर घटस्फोट घे.
आबा: "बठ्ठा पंच बसेल व्हतात. आते कोर्ट कसाले?"
पण हे नशिराबादला कळलंच. त्यांचा निरोप: आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, कोर्टात कागद दाखल करा, नाहीतर दुसरीकडे बघू.
माझ्यामुळे.

२२ फेब्रु., धुळे
संमतीच्या अर्जावर सही हवी म्हणून ताईला घेऊन तिच्या पहिल्या नवऱ्याकडे. तो दारातच, "आम्ही अजून नवरा-बायको आहोत असं लिहून देऊ? मग ही कोण माझी?"
मागे त्याची बायको. सातवा महिना असावा. "अक्का, बसा ना. चहा टाकते."
ताईने चहा घेतला. मी कप तसाच ठेवला.
स्टँडवर ताई: "तुना कायदा तिले काय म्हनी?"
उत्तर माहीत होतं: बायको नाही. मी तिकिटं काढायला गेले.

१५ मार्च, जळगाव
कॉलेजात शिकवणारे वकील सर म्हणाले, एक वाट आहे. आपल्या समाजात फारकतीची रूढी आहे हे सिद्ध करा, मग फारकतच घटस्फोट ठरेल. ताई सुटेल, धुळ्याची तीही. साक्षीला आबा, आणि मी.
म्हणजे जे बंद व्हावं मी म्हणाले, तेच...

६ एप्रिल, घरी
दाव्याचा मसुदा सरांनी मलाच दिला. 'सदर रूढी पूर्वापार चालत आलेली असून' इथपर्यंत आले. पुढे 'न्याय्य आहे' लिहायचं. तासभर तिथेच.
ताई चहा घेऊन आली. "व्हयनं का लिखीसन?"
एक शब्द राहिलाय, म्हटलं. वाचून दाखवला.
तिने कप कागदाशेजारी ठेवला आणि दाराशी जाऊन थांबली. "माले बी तो पटत नही. पन आखाजी जवळ उनी."
चहा निवला. ती अजून दारात उभी आहे.