तुमचा उरलेला डोळा

अण्णा, मी अजून नेत्रपेढीतल्या त्याच नोकरीत आहे. माणूस गेल्याचा फोन आला की बर्फाचा थर्मास घेऊन डॉक्टरांबरोबर निघायचं, घरच्यांशी बोलायचं, डोळे काढायला मदत करायची आणि पापण्यांखाली कापूस भरून चेहरा पहिल्यासारखा करून द्यायचा. घरातली पहिली ग्रॅज्युएट पोरगी करते काय, असं चाळीत कुणी विचारलं की तुम्ही सांगायचात, "हॉस्पिटलात ऑफिसर आहे." मी चिडायचे. खरं सांगायला लाजता कशाला? "लाजतोय कोण? त्यांना जेवण जायला हवं ना," म्हणायचात.

अंबरनाथच्या कंपनीत कॉस्टिक सोडा उडून तुमचा डावा डोळा गेला तेव्हा मी शाळेत होते. आतपर्यंत जळलंय, दुसऱ्याचं बुबुळ बसवलं तरी धरणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मला मात्र वाटायचं, कुणी डोळे देतच नाही म्हणून अडलंय. त्या समजुतीतूनच मी या कामात आले, आणि आल्यावर कळलं की डॉक्टर खरं बोलले होते. ते तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही भाकरी मोडत होतात. "मग माझा उरलेला घ्या," म्हणालात. "एकच पीस आहे, पण ओरिजिनल. उल्हासनगरचा नाही." आई स्टोव्हजवळून ओरडली, "जेवताना असलं बोलू नका." तुम्ही हसलात आणि मग माझ्याकडे वळून हळूच म्हणालात, "चेष्टा नाही हं."

त्याच सुमारास डॉक्टर आणि मी उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये एका सिंधी घरी डोळे घ्यायला गेलो होतो. खालच्या जीन्सच्या कारखान्यातली मशिनं बंद ठेवली होती. गेलेल्या माणसाची म्हातारी बायको माझा हात सोडेना. "बेटी, इनको दुखेगा तो नहीं?" मी म्हटलं, "नहीं, अम्मा." तिनं हात सोडला. मला वाटायला लागलं, मनापासून सांगितलं की माणसं ऐकतात.

तुम्ही रविवारी सकाळी गेलात, अंघोळ करून खुर्चीत बसल्या बसल्या. मी रडले नाही. तुम्हाला निजवून डोक्याखाली उशी दिली, पापण्या मिटल्या, ओला कापूस ठेवला, डोळा सुकू नये म्हणून पंखा बंद केला आणि कोपऱ्यावरच्या बूथवरून डॉक्टरांना फोन केला. परत येते तर बाया पदरानं वारा घेतायत. "अगं, पंखा कुणी बंद केला? जीव जातोय इथं." आईला कारण ठाऊक होतं, कामावरचं सगळं मी तिलाच सांगायचे. ती उठली आणि तिनं पंखा चालू केला. मी बंद केला. तिनं पुन्हा चालू केला आणि बटणावर हात ठेवून उभी राहिली.

"एका डोळ्यावर संसार ओढला त्यांनी," ती म्हणाली. "तोही काढून घेणार? पुढं वाट कशी दिसेल त्यांना?"

"आई, अण्णांनीच सांगितलं होतं."

"तुला सांगितलं असेल. मला नाही विचारलं कुणी."

परक्या घरांत अशा प्रश्नांना मी किती उत्तरं दिली असतील. त्या दिवशी मी कापूस ओला करायला वळले. डॉक्टर आले. घरचे नको म्हणाले की आम्ही हात जोडून परत फिरतो, तसे त्यांनी दारातूनच हात जोडले. तिरडी बांधून होईपर्यंत मी तुमच्या डोळ्यावरचा कापूस पुन्हा पुन्हा ओला करते आहे, वर पंखा फिरतो आहे, आणि कुणी मला थांबवत नाही.

आता आम्ही बदलापूरला, शिरगावात राहतो. परवा मेथी निवडता निवडता आई म्हणाली, "माझे घे हो. दोन्ही घे. त्यांचा राहिला ना." इतकी वर्षं मी तिच्या तोंडून हेच ऐकायची वाट पाहत होते, अण्णा. आणि ऐकल्यावर माझ्याच्यानं हो म्हणवेना. मी काड्या वेगळ्या करत राहिले. डॉक्टरांना सांगेन, दुसऱ्या कुणाला बरोबर आणा. पण फोन मलाच करावा लागेल, आणि तेव्हा नको म्हणायला घरात कुणी नसेल.

तिला अजून उत्तर दिलेलं नाही. मघाशी येऊन विचारून गेली, एवढं काय लिहितेस. तिला वाचता येत नाही. ऑफिसचं आहे, म्हणून सांगितलं.