बत्तीस की चौसष्ट

बोरओढा, कडेगावजवळ
१२ फेब्रुवारी १९९९

चि. दीक्षास,
केरूमामाचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. तुझ्या आक्कामावशीचा गुडघा दुखतो, पण आवाज शाबूत आहे. सकाळपासून तीनदा ऐकून झालं की ह्या वयात केरूला काय हे खूळ लागलंय.

पत्रास कारण की, मी घरी कॉम्प्युटर जोडतो आहे. हसू नकोस. फौजेच्या वर्कशॉपात बावीस वर्षं वायरलेस सेट उघडले. निवृत्त झाल्यावर पंचक्रोशीतले रेडिओ बरे केले. आता लोकांनी टीव्ही घेतले आणि माझे हात रिकामे झाले. सांगलीला सयाजी म्हणून एकाचं सुट्या भागांचं दुकान आहे. त्याच्याकडून डबा, बोर्ड, सेलेरॉन तीनशेचा प्रोसेसर आणि हार्डडिस्क आणली. जुना मॉनिटर एसटीत मांडीवर घेऊन आलो. कंडक्टर म्हणाला, एवढं अवघड लेकरू घेऊन कशाला फिरताय.

अडलंय ते मेमरीपाशी. शंभरच्या वेगाची बत्तीस एमबी किंवा सहासष्टच्या वेगाची चौसष्ट एमबी, दोन्ही एकाच भावात मिळतात. सयाजी म्हणतो, शंभरची घ्या, नवी हाय, लय पळती. माझाही जीव तिच्यातच अडकलाय. तू साताऱ्यात क्लासमध्ये हेच शिकवतेस, तर तुझं मत उलट टपाली कळव. गावच्या फोनवर मागे दहा माणसं उभी असतात, तिथं हे बोलून व्हायचं नाही. येत्या नाही, पुढच्या रविवारी सांगलीला जाणार आहे.

तुझ्या आईवडिलांना जयभीम सांग. माया आहे तेवढी राहू दे.

तुझा,
केरूमामा

---

सातारा
१८ फेब्रुवारी १९९९

ति. केरूमामांस,
दीक्षाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र आईनं दोनदा वाचायला लावलं. लहानपणी तुम्ही शेजाऱ्यांचं घड्याळ उघडून बसला होता आणि ते परत जोडल्यावर दोन चाकं उरली होती, ही आठवण तुम्हाला द्यायला सांगितली आहे.

आता मुद्द्याचं. मामा, शंभरची घेऊ नका. तुमचा सेलेरॉन बोर्डाशी सहासष्टच्याच वेगानं बोलतो. शंभरची मेमरी लावली तरी ती सहासष्टनंच चालणार. म्हणजे वाढीव वेगाचा तुम्हाला एका पैचा उपयोग नाही आणि जागा मात्र निम्मी. मेमरी म्हणजे परात समजा. हात कितीही झरझर चालू देत, परात लहान असली की पीठ बाहेर सांडतं. कॉम्प्युटर मग ते सांडलेलं हार्डडिस्कवर ठेवतो, पुन्हा उचलतो, पुन्हा ठेवतो, आणि आपण समोर बसून जांभया देतो. चौसष्टच घ्या.

पण मुळात तुम्हाला ह्यावर करायचं काय आहे, ते तुम्ही लिहिलंच नाहीत. नुसती पत्रं टाइप करायची असतील तर बत्तीसही पुष्कळ. खरं कारण कळवा. मला तुमच्या पत्रात काहीतरी दडवल्याचा वास येतोय.

आक्कामावशीच्या गुडघ्याला शेक द्या आणि तिच्या तोंडी लागू नका. लोभ कमी होऊ देऊ नये.

तुमची,
दीक्षा

---

बोरओढा
२३ फेब्रुवारी १९९९

चि. दीक्षास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल, सोमवारी, हातात पडलं आणि मी रविवारीच शंभरची बत्तीस घेऊन आलो होतो. आता हस. चालू केल्यावर पडद्यावर अक्षरं उमटली तेव्हा मी एवढ्यानं ओरडलो की आक्काताई लाटणं घेऊन धावत आली. तिला वाटलं, विजेचा धक्का बसला.

कारण विचारलंस, तर सांगतो. आक्काताई आणि वस्तीतल्या दहा बायांनी मिळून त्रेसष्ट साली आपली विहीर खोदली, हे तू ऐकलं आहेस. तेव्हा गावच्या विहिरीवर आपल्याला पाणी भरू देत नव्हते, आणि गडी माणसं कामाला मुंबईला नाहीतर फौजेत. मीही नुकताच भरती झालेलो. पाणी लागलं त्या दिवशी तिथून चाललेल्या एका सर्व्हेवाल्या साहेबानं बायांचा फोटो काढला आणि नंतर टपालानं एक प्रत पाठवली. तेवढा एकच फोटो. पावसात घर गळलं तेव्हा त्यावर तांबडा डाग पडला. मागची रांग आणि रहाटाची सगळी बाजू त्याच्याखाली गेली. अकरांतल्या आता दोघीच उरल्या आहेत, आक्काताई आणि हरणाबाई. ह्या बुद्धपौर्णिमेला तो फोटो मोठा करून, प्रत्येकीचं नाव लिहून विहारात लावायचा असं मी मनात धरलंय. मिरजेच्या स्टुडिओवाल्यानं हात जोडले. म्हणाला, डाग काढताना चेहरे जातील. म्हणून म्हटलं, आपणच करू. चेहरा कुणाचा कसा होता ते सांगायला आक्काताई शेजारी बसलेली हवी. परक्या दुकानात ते होणार नाही.

फोटो टपालानं पाठवायला ती तयार नाही. शनिवारच्या गाडीनं स्वतःच घेऊन येते आहे. उतरवून घे.

तुझा उतावळा,
केरूमामा

---

सातारा
५ मार्च १९९९

ति. मामांस,
सप्रेम जयभीम.

आक्कामावशी सुखरूप पोचली होती, आणि परत तुमच्याकडेही पोचली असेलच. फोटो तिनं दोन लुगड्यांच्या मध्ये ठेवून, दुमडू न देता आणला होता. इथल्या एका ओळखीच्या छपाईवाल्याकडे स्कॅनर आहे. मशीनचं झाकण लावलं तर मावशीनं त्यावर हात ठेवला आणि उजेड सरकून जाईपर्यंत काढला नाही. तो म्हणाला, आजी, दुखत नाही त्याला. मावशी म्हणाली, तुला काय म्हाईत.

सीडी तिच्याबरोबर दिली आहे. आता नीट वाचा. मी मुद्दाम रंगीत स्कॅन केलं आहे. फोटो काळापांढरा असला तरी डाग तांबडा आहे. रंगीत चित्रात लाल, हिरवा, निळा असे तीन थर असतात. त्यातला फक्त लाल थर ठेवला की तांबडा डाग पुष्कळ फिका पडतो आणि खालचं दिसायला लागतं. हे मी क्लासमधल्या मशीनवर बारीक तुकडा घेऊन करून पाहिलं आहे. पण पूर्ण चित्र सव्वीस एमबीचं आहे. तुमच्या बत्तीसमध्ये विंडोजच पाय पसरून बसतं. तेव्हा मामा, गोड बोलून सयाजीकडून बदलून आणा.

आणि मूळ फाइलवर काम करू नका. आधी प्रत करा, मग प्रतीवर हात चालवा. हे घड्याळ नव्हे.

माया असू द्यावी.

दीक्षा

---

बोरओढा
१७ मार्च १९९९

चि. दीक्षास,
आशीर्वाद. हे पत्र घाईत लिहितोय, अक्षर लावून घे.

बत्तीसवर आठ दिवस झगडलो. चित्र उघडायला सांगावं आणि चहा करून, पिऊन, कप धुऊन यावं. हार्डडिस्क आतून करकर करत राहायची आणि शेवटी सगळं गपगार. तुझी परात पटली. मग सांगलीला गेलो. सयाजी म्हणाला, वापरल्याली मेमरी माघारी घेत न्हाई. त्याच्या दुकानातला एक ॲम्प्लिफायर महिनाभर मुका पडला होता. म्हटलं, हा बोलता केला तर? दोन तासांत गाणी सुरू झाली. सयाजीनं शंभरची बत्तीस ठेवून घेतली आणि सहासष्टची चौसष्ट हातात दिली, वर चहाही पाजला.

घरी येऊन लावली. चित्र उघडलं, दीक्षा! करकर नाही, काही नाही. लाल थर ठेवला आणि डाग धुक्यासारखा मागे सरला. हरणाबाईच्या कपाळावरचं गोंदण दिसलं. आक्काताईचे दात दिसले, तेव्हा सगळे होते. मी एकेक डोकं मोजलं.

बारा भरली.

रहाटाच्या मागे, डागाच्या पोटात, बारावी बाई आहे. डोक्यावर पाटी, अर्धा पदर तोंडावर, डोळे इकडेच. मला वाटलं मेमरीच खराब निघाली, सयाजीनं फसवलं. काढून पुसली, दुसऱ्या खाचेत लावली, चार वेळा चालू-बंद केलं. बाई जागची हलत नाही. मेमरी बिघडली की असं दिसतं का? लगेच कळव. आक्काताई हरणाबाईच्या लेकीकडे गेली आहे, दोन दिवसांनी येईल. तोवर मी मशीनला हात लावत नाही.

केरूमामा

---

(पोस्टकार्ड)
सातारा, २२ मार्च

ति. मामांस, स. जयभीम.
मेमरी बिघडली तर पडद्यावर पट्टे येतात, मशीन बंद पडतं, फाइल मोडते. मेमरी पदर घेतलेली बाई तयार करत नाही. ती तिथं उभी होती म्हणून दिसते आहे. मशीनला नको, मावशीला विचारा. मला झोप नाही, लवकर लिहा!
दीक्षा

---

बोरओढा
३ एप्रिल १९९९

चि. दीक्षास,
अनेक आशीर्वाद.

आक्काताईला पडद्यासमोर बसवलं आणि बोट ठेवून विचारलं, ही कोण? तिनं पदरानं पडदा पुसला. मग म्हणाली, भामा हाय ती. धनगराची भामाबाई.

मग सगळं सांगितलं. त्या साली भामाबाईच्या घरची मेंढरं आपल्या माळावर बसली होती. गडी माणसं बाजाराला गेलेली, आणि तिला एकटीला कळा लागल्या. आक्काताई सरपणाला गेली होती, ओरडणं ऐकून धावली. बाळंतपण तिनं केलं. मुलगा झाला, धनाजी. हे कुणाला कळलं असतं तर भामाबाईला घरात घेतलं नसतं. दोघींनी ते पोटात ठेवलं. पुढं दोन महिन्यांनी विहिरीचं काम निघालं, तर एके दिवशी भामाबाई पदर ओढून हजर. मेंढरं माळावर सोडायची आणि दुपारभर मातीच्या पाट्या वाहायच्या. सतरा दिवस आली. आक्काताई नको म्हणाली तर उत्तर आलं, तू इचारून आलतीस व्हय माझ्याकडं? फोटोच्या वेळी ती रहाटाआड सरकली आणि नंतर बायांकडून शब्द घेतला की माझं नाव काढायचं न्हाई. अकरा जणींनी छत्तीस वर्षं तो पाळला. नऊ जणी तो घेऊनच गेल्या.

मी म्हटलं, आता तिचं नाव घालू. आक्काताई कडाडली, शब्द मी दिलाय, तू कोण मोडणार? मग मी म्हटलं, निदान ती बाजू कापून अकराच ठेवू. तर त्याहून जोरात कडाडली, सतरा दिवस माती वाहिली तिनं, तिला कापतोस?

तेव्हा एकच वाट उरली. भामाबाई आटपाडीकडे मुलापाशी असते असं कळलंय. उद्याच्या पहिल्या गाडीनं आम्ही दोघं जातोय. गुडघा, ऊन, काही ऐकायला ती तयार नाही. नवं लुगडं काढून ठेवलंय.

माया आहे तशी ठेव.

केरूमामा

---

बोरओढा
३ मे १९९९

चि. दीक्षास,
अनेक आशीर्वाद.

पौर्णिमेला तुझ्या क्लासच्या परीक्षांनी तुला अडकवलं. तुझी जागा मी सारखी बघत होतो. तेव्हा सगळं लिहितो.

आटपाडीला आम्ही गेलो त्या दिवशी दोघी आधी नुसत्या एकमेकींच्या हाताला धरून बसल्या. मी फोटोचं विचारलं तर भामाबाई म्हणाली, सासरा गेला, नवरा गेला, आता भ्यायचं कुणाला? घाला नाव. पण धनाजीला मीच सांगते. आम्ही निघेपर्यंत तिनं सांगितलं नव्हतं. येईल की नाही, काही भरवसा नव्हता.

पौर्णिमेला सकाळी विहारात जागा उरली नाही. वंदना झाली आणि जीपचा आवाज आला. धनाजी आईला हाताला धरून उतरवत होता. छत्तीस वर्षांचा उंचापुरा गडी, डोक्याला पटका. वस्तीतल्या सगळ्यांसमोर तो आक्काताईपुढं आला आणि पायांवर डोकं ठेवून तसाच राहिला. आक्काताईच म्हणाली, उठ रं, जल्मलास तवा बी तू असाच लवकर हालत नव्हतास. सगळे हसले, तोही हसला, डोळे पुसत.

मग फोटोवरचं कापड बाजूला केलं. आक्काताईनं बारा नावं वाचली. गेलेल्या प्रत्येकीच्या नावाला तिच्या घरचं कुणीतरी उभं राहत होतं. बारावं नाव आलं तेव्हा भामाबाई उठून फोटोजवळ गेली. मी तिच्या मागेच होतो. मनात म्हटलं, आता ही चेहरा बघून रडेल. तिनं चेहऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डोक्यावरच्या पाटीवर बोट टेकवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, ही रिकामी का? माझी पाटी भरल्याली हुती.

दीक्षा, माझे कान तापले. पाटीवरचे काळे ठिपके मी डागाचेच समजून एकेक करून पुसले होते. तीन दिवस लागले होते मला ती पाटी स्वच्छ करायला! म्हटलं, चुकलो, आजच्या आज भरतो. ती म्हणाली, भर, शिगोशीग हुती.

पाहुणे जेवायच्या आधीच मी घरी येऊन मशीन लावलं. भामाबाई, आक्काताई, हरणाबाई तिघी खाटेवर, आणि धनाजी माझ्या खुर्चीमागे उभा. तू मूळ फाइल जपायला सांगितली होतीस ते बरं झालं. तिची आणखी एक प्रत शेजारी उघडली, तिचाही लाल थर ठेवला, दोन्ही चित्रं एकदम, आणि चौसष्टनं हूं की चूं केलं नाही. तिकडची माती उचलून इकडच्या पाटीत घालत गेलो. भामाबाई मागून सांगत होती, अजून, अजून थोडी, त्या बाजूला. शेवटी म्हणाली, आता बास, आता वजन आलं.

नवी प्रत छापायला उद्या मिरजेला जातो आहे. तुलाही एक पाठवतो. सगळ्यांची माया तुझ्यावर आहे, तुझी आमच्यावर राहो.

तुझा,
केरूमामा