मला थोडंच लागणार आहे

२ तारीख, सोमवार
मेडिकचा कोर्स सुरू. लढाईत जवानांबरोबर पुढे राहायचं आणि जखमींना जगवायचं. आईने गल्लीभर सांगून टाकलंय की मुलगा डॉक्टर होणार. तसं नाही म्हणून समजावलं, पण फार जोर लावला नाही. नापास झालो तर परत स्टोअरमध्ये ब्लँकेटं मोजायची. तो प्रश्नच येत नाही म्हणा.

४ तारीख, बुधवार
आज रक्त थांबवायचा पट्टा शिकवला. चढवायचा, दांडी पिळायची, वर वेळ लिहायची. मी वेळ सुंदर अक्षरात लिहिली. शिकवणारे उस्ताद म्हणाले, आधी पट्टा घट्ट कर, शुद्धलेखन नंतर बघू. कलेची कदर नाही इथे.

९ तारीख, सोमवार
सरावात पुन्हा मीच जखमी. उस्ताद म्हणाले, तुझ्यासारखं कण्हणं कुणालाच जमत नाही. कौतुकच आहे. मला ओढून नेतो माझा जोडीदार काडी. अंगानेही तसाच. वाटेत सारखा थांबतो, स्टॅमिना नाही. वजन कमी करायचं ठरवलंय. पुढच्या सोमवारपासून.

१२ तारीख, गुरुवार
प्रत्येकाच्या कमरेला स्वतःचं पाकीट, आत पट्टा आणि ड्रेसिंग. नियम असा की जो जखमी, त्याचंच पाकीट वापरायचं. म्हणजे माझं पाकीट फक्त मला लागलं तर. मला थोडंच लागणार आहे? सामान पेटीत ठेवलं, पाकिटात क्रीमची बिस्किटं. पोट रिकामं असलं की माझे हात थरथरतात. जखमीच्याच भल्याचं आहे.

१७ तारीख, मंगळवार
आणखी एक नियम. गोळीबार चालू असेल तर आधी आडोसा, मग जखमी. पटलं नाही. माणूस रडतोय आणि आपण भिंतीमागे? तसं बोलून दाखवलं. उस्ताद म्हणाले, तू पडलास तर दोघांना कोण बघणार? काडीने मान डोलावली. पुस्तकी आहे बिचारा.

२५ तारीख, बुधवार, सकाळ
आज फायनल. वजनाचं पुढच्या महिन्यात.

संध्याकाळ
जखमी ओरडला, मी धावलो. थेट मैदानातून. आईने बघायला हवं होतं असं वाटलं. तेवढ्यात परीक्षकांनी शिट्टी मारली आणि माझ्या मांडीवर लाल खडूने रेघ ओढली. म्हणाले, लागली तुला, झोप. झोपलो. कण्हलोही उत्तम. काडी भिंतीच्या आडून सरपटत आला, मला आडोशाला ओढलं, माझं पाकीट उघडलं आणि नुसता बघत राहिला. परीक्षकही वाकून बघून गेले.

मग काडीने स्वतःचा पट्टा काढून मला बांधला. परीक्षकांनी विचारलं, आता तुला लागली तर? काडी म्हणाला, मग मी मेलो, पण याला असाच कसा टाकू. त्याचे मार्क कापले. तिकडे पहिला जखमी अजून ओरडतच होता. त्याच्यापर्यंत कुणी पोचलंच नाही. मला फार लाज वाटली. काडीचं अक्षर वाईट आहे, पण पट्टा घट्ट होता.

२८ तारीख, शनिवार
काडी काठावर पास. मी नाही. उस्ताद म्हणाले, पुढच्या बॅचला थांब. खुश होऊन विचारलं, पुन्हा कोर्स? म्हणाले, कोर्सचं नंतर बघू, सध्या जखमी म्हणून. उरलेला वेळ स्टोअरमध्ये.

आईला फोन केला. झालास का डॉक्टर, म्हणाली. म्हटलं, इथेच ठेवून घेतलंय मला. पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही, गल्लीत सांगायला गेली.

सामान पेटीतून काढून पाकिटात भरलं. बिस्किटं काडीला दिली. त्याने अर्धी परत केली. म्हणाला, आता तुला ओढायला मी नसेन, जरा हलका हो. बिस्किटं खाऊन टाकली. पाकिटात जागा नव्हती.