पितळी कॉक आणि प्लास्टिकचे आटे

शनिवार, ९ एप्रिल २००५

तिसरा पंप गेला! तिसरा!!

घरी बिअर करायच्या या पंपाचं तोंड प्लास्टिकचं. त्यावर प्लास्टिकचेच आटे. त्या आट्यांवर हेमचंद्र आणि त्याचा मित्र गिरीश पितळेचा कॉक, म्हणजे तोटी, चढवतात, आणि हातभर लांबीचा पाइप पाना घेऊन असा आवळतात की जणू शॉमबर्ग गावाची पाण्याची टाकीच बसवताहेत. मग पंपाची मान चिरते. मग दोघं कमरेवर हात ठेवून बघत बसतात. "माल हलका आहे," गिरीश म्हणतो.

माल हलका नाही. अक्कल हलकी आहे!

मी म्हटलं, "अरे, धातूला जोर सहन होतो, प्लास्टिकला होत नाही. हाताने बसवा, वर पाव फेरा, बास." तर गिरीश हसला. "वहिनी, तुमची फॅक्टरी वेगळी. ही बिअर आहे."

अठरा वर्षं मी एल्क ग्रोव्हच्या कारखान्यात प्लास्टिकचे जोडच तपासते आहे. दुसरं काहीही करत नाही. रोज दोन-तीनशे. कोणता कशामुळे चिरला ते हातात घेऊन सांगते मी. पण हे बिअरचं प्लास्टिक! ते वेगळंच असणार!

रविवार, १० एप्रिल

नवा पंप आणायला दुकानात मीही गेले, मुद्दाम. दाढीवाल्या मालकाला मी विचारलं, या आट्यांना किती उष्णता चालते? त्याने उत्तर हेमचंद्रला दिलं. पुन्हा मी विचारलं. पुन्हा हेमचंद्रला! मी काय भिंत आहे?

आणि हेमचंद्र मान डोलावत होता. "येस, येस." एकदाही म्हणाला नाही की विचारतेय ती माझी बायको, तिला यातलं कळतं.

मंगळवार, १२ एप्रिल

गॅरेजमध्ये दोन पातेली, शेगडी, पिंपं, पाइप. माझी गाडी बाहेर. आज सकाळी काचेवर दव गोठलं होतं. खरडलं आणि कामावर गेले.

गुरुवार, १४ एप्रिल

अनयाचा फोन. तिला सगळं सांगितलं. "मॉम, लेट हिम हॅव हिज फन!" म्हणाली. फन म्हणे. हा माणूस दिवसभर लोकांच्या दातांत केसाएवढ्या सुया फिरवतो. एकवीस वर्षं स्वतःचा दवाखाना. अक्कलदाढ काढली तरी पेशंट विचारतो, झालं का? आणि घरी आला की लोहार! मला तर वाटतं मुद्दाम करतो. मी सांगितलं म्हणून उलटं.

शनिवार, १६ एप्रिल

आज कॉक मी बसवला. दोघं पोहे खायला आत गेले होते, तेवढ्यात.

टेफ्लॉन टेपचे दोन वेढे, आट्यांच्या दिशेने. कॉक तोंडावर ठेवून आधी उलटा फिरवला. बारीक "टक" लागतं बोटांना, आट्याचं तोंड आट्यात पडल्याचं. मग सुलटा. पहिले तीन फेरे नुसत्या दोन बोटांनी. अडला तर जोर करायचा नाही, काढून पुन्हा. मग मूठ, मग पाव फेरा. कॉकखाली लाकडाचा ठोकळा दिला, म्हणजे पितळेचं आणि पाइपचं वजन बिचाऱ्या प्लास्टिकच्या मानेवर नको. सात मिनिटं लागली.

उकळतं पाणी सोडून पाहिलं. एक थेंब नाही! अर्धा तास चालवला. एक थेंब नाही!

गिरीश बशी घेऊन बाहेर आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "बघ हेमचंद्र, हा पंप चांगला निघाला."

पंप चांगला निघाला!!

हेमचंद्र कॉकवरून नुसता अंगठा फिरवत राहिला.

रविवार, १७ एप्रिल

रागाने पेन कागदात रुततंय.

सकाळी मी भाजी आणायला गेले. तेवढ्यात हेमचंद्रने माझा जोड "एकदा बघून घेतला". म्हणजे पाना लावला. किती फेरे दिले देव जाणे. अकराच्या सुमारास दोघं माल्टचं, म्हणजे बिअरच्या सातूचं, उकळतं पाणी वरच्या पातेल्यात चढवायला लागले आणि मान उभी चिरली. पिचकारी थेट गिरीशच्या हातावर. मनगटापासून कोपरापर्यंत. मी गाडी लावत होते, त्याचं ओरडणं मला रस्त्यावर ऐकू आलं.

नळाखाली हात धरला, वीस मिनिटं. मग अर्जंट केअरचा दवाखाना. गाडी मी चालवली. गिरीश मागे दातांवर दात आवळून बसला होता. हेमचंद्र पुढे, खिडकीबाहेर बघत. डॉक्टर म्हणाली, पाणी लगेच ओतलंत म्हणून बचावलं, कातडी परत येईल. फोड मात्र बघवत नाहीत.

हे सगळं एकवेळ सोडून दिलं असतं. पण संध्याकाळी गिरीशची बायको सुमेधा त्याला घ्यायला आली. तिने विचारलं, "झालं तरी कसं?" आणि हेमचंद्र काय म्हणाला?

"काल सुचित्राने बसवला होता."

माझ्या तोंडावर! माझ्याच स्वयंपाकघरात! सुमेधाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तिच्या नवऱ्याला हाताने पोळवलं. आणि मी — मी तिला चहा दिला. मला सगळ्यात जास्त चीड त्याचीच येतेय. कप कशाला दिला हातात? सांगायचं होतं तोंडावर!

सोमवार, १८ एप्रिल

बोलणं बंद. जेवण टेबलावर ठेवते.

बुधवार, २० एप्रिल

त्याने सॉरी म्हणायचा प्रयत्न केला. "मला वाटलं सैल आहे," म्हणे. वाटलं! सत्तावीस वर्षं झाली लग्नाला. सैल आणि घट्ट यातला फरक न कळणारा माणूस नाही हा. खोटं बोलतोय. मी म्हटलं, सुमेधाला फोन करून खरं सांग. "करतो," म्हणाला. केला नाही.

शनिवार, २३ एप्रिल

आज मी सोडलं नाही.

गिरीश आला होता, हाताला बँडेज. तो बिचारा हसतच आला. "वहिनी, आता कोल्ड्रिंकच बरं." म्हटलं थांबा, तुम्हीही बघा. हेमचंद्रला गॅरेजमध्ये नेलं. पाना उचलून माझ्या गाडीच्या डिकीत टाकला. नवा पंप समोर ठेवला. कॉक त्याच्या हातात दिला.

"बसव. नुसत्या हाताने. उलटा फिरव, टक लागलं की थांब."

त्याने फिरवला. थांबला नाही. टक होऊन गेलं, मला लांबून ऐकू आलं! पुन्हा फिरवला. मग सुलटा घेतला तो तिरका चढला. काढायला लावला. पुन्हा तिरका. चार वेळा! चौथ्यांदा आट्यांवरून प्लास्टिकची पांढरी साल निघाली, खोबऱ्याच्या किसासारखी.

"लागत नाही का बोटांना?" मी ओरडले. "दगड आहेत का बोटं? का मला खोटं पाडायचंय म्हणून हे चाललंय?"

"वहिनी, जाऊ दे ना," गिरीश हळूच म्हणाला.

"का जाऊ दे? त्याने चूक करायची, तुम्ही भाजायचं, आणि नाव माझं! सांग त्याला. आत्ता सांग, पाना कोणी लावला."

"मी लावला," हेमचंद्र म्हणाला. "गिरीश, मीच लावला. तिने नीट बसवला होता."

गिरीशने हातावरचं बँडेज सावरलं. मग म्हणाला, "ठीक आहे यार," आणि गेला. हेमचंद्रने कॉक टेबलावर ठेवला आणि आत जाऊन बसला. दुपारी जेवलाही नाही.

मी जिंकले. मग इतकं घाण का वाटतंय? वाटू दे. मी चुकलेले नाही.

रविवार, २४ एप्रिल

सकाळी त्याने सांगितलं. जानेवारीपासून दोन्ही हातांच्या बोटांना काही लागत नाही. घट्ट झालं का कळत नाही, म्हणून पाना. तीन महिने त्याने एकाही पेशंटच्या तोंडात हात घातलेला नाही. सगळे पेशंट त्याची असिस्टंट डॉक्टर रेणू बघते, हा केबिनचं दार लावून बसतो. मला सांगितलं नाही, कुणालाच नाही.

"मग पंपाच्या मागे कशाला लागलास इतका?" मी विचारलं.

"स्पर्श परत येतोय का, ते बघत होतो गं. पेशंटवर कसं बघू?"